वाळा : आधी ओळख, मग कारवाई

सहावीत नवा आलो होतो तेव्हा मी एक साप मारला होता. तो माझ्या पीटी शूजपेक्षाही लांबीला कमी होता.

पावसाळ्यातली सकाळ होती. पीटीला दहा मिनिटे उरली होती आणि डॉर्मिटरीच्या बाथरूममध्ये एकदम "साप, साप" असा गलका झाला. मोरीच्या जाळीतून काळी, चकचकीत, बुटाच्या लेसएवढी एक वस्तू वळवळत बाहेर येत होती. कोणी म्हणाले, "नागाचे पिल्लू आहे." कोणी म्हणाले, "हा झोपेत कानात शिरतो." मी पायातला बूट काढला आणि दोन फटके मारले. त्या दिवशी नाश्त्याला माझ्या ताटात दोघांची उकडलेली अंडी जास्त आली. आठवडाभर मी शूर होतो.

आठवीत त्या शौर्याची हवा गेली. शाळेच्या बागेत माळीकाका कुंड्या हलवत होते. एका कुंडीखालून तसलीच वस्तू निघाली. मी मागे सरलो. माळीकाका हसले आणि कन्नडमध्ये म्हणाले, "हावु अल्ला, एरेहुळु." म्हणजे साप नाही, गांडूळ आहे. तेवढ्यात जीवशास्त्राचे सर आले. त्यांनी वाळलेल्या पानाने तो जीव पांढऱ्या कागदावर घेतला आणि भिंग माझ्या हातात दिले. भिंगातून मला खवले दिसले, कौलांसारखे एकावर एक बसलेले. पुढच्या टोकाकडून इवलीशी दुभंगलेली जीभ आत-बाहेर होत होती. सर म्हणाले, "साप आहे, पण बिनविषारी. मराठीत याला वाळा म्हणतात." मग त्यांनी तो परत ओल्या मातीत सोडला.

रविवारी घरी फोन केला तेव्हा आजीला सांगितले, "आमच्या बागेत वाळा निघाला." आजी म्हणाली, "मग माठात टाक की, पाण्याला छान वास येतो." आमच्या साताऱ्याकडे वाळा म्हणजे आधी सुगंधी गवताची मुळे, मग बाळाच्या पायातला दागिना, आणि सर्वांत शेवटी साप. तिला समजावून सांगेपर्यंत माझी फोनची वेळ संपली.

खरी गोष्ट यंदाची आहे. मी दहावीत आलो, ज्युनिअर मुलांवर लक्ष ठेवण्याची जबाबदारी मिळाली. पावसाच्या सुरुवातीला मी त्यांना मोठ्या ऐटीत सांगितले, "छोटा काळा साप दिसला तर घाबरायचे नाही, मारायचे नाही. तो वाळा असतो, काही करत नाही." पंधरवड्याने एका संध्याकाळी सहावीतला एक मुलगा बुटांच्या मांडणीमागे हात घालत होता. तिथे वीतभर लांबीचा गडद साप होता. हवालदार साहेबांनी मागून त्याची कॉलर धरून त्याला उचलले. टॉर्च मारला तर सापाच्या अंगावर फिकट पट्टे होते. सर्पमित्राला बोलावले. तो म्हणाला, कवड्या आहे, बिनविषारी. सगळे हसले. हवालदार साहेब हसले नाहीत. त्यांनी त्या मुलाला विचारले, "लहान साप हाताने धरायचा असतो हे तुला कोणी शिकवले?"

मी पुढे झालो. "मी, साहेब."

"आज कवड्या निघाला. मण्यार असती तर?"

त्याला माझ्याकडे उत्तर नव्हते. सहावीत मी न बघता मारले आणि दहावीत न बघता अभय दिले. चूक दोन्ही वेळी एकच होती. म्हणून हा लेख. माझा धडा अर्धा होता, तो पुरा करणे माझे काम आहे.

वाळा कसा दिसतो?

पूर्ण वाढलेला वाळा साधारण १० ते १५ सेंटिमीटर लांब असतो, क्वचित त्याहून थोडा मोठा. जाडी बॉलपेनच्या रिफिलपेक्षा किंचित जास्त. रंग काळा, तपकिरी किंवा जांभळट झाक असलेला. पोटाकडे थोडा फिका. अंग एकसारखे गोल आणि पॉलिश केल्यासारखे चकचकीत. मान वेगळी दिसत नाही. डोके आणि शेपूट दोन्ही बोथट असल्यामुळे पुढचे टोक कोणते, हे तो चालू लागेपर्यंत कळत नाही. शेपटीच्या टोकाला एक बारीक काटा असतो. हातात सापडला तर वाळा तो काटा टोचून बघतो, त्यामुळे लोकांना वाटते की त्याने दंश केला. त्या काट्यात विष नसते. वाळ्याला विषदंत नाहीत आणि माणसाला चावता येईल एवढे त्याचे तोंडही उघडत नाही.

डोळे म्हणजे दोन काळे ठिपके, तेही अर्धपारदर्शक खवल्याखाली झाकलेले. उजेड आणि अंधार यांतला फरक त्याला कळतो, पण आपल्यासारखे चित्र दिसत नाही. मातीत राहणाऱ्याला त्याहून जास्त डोळ्यांची गरजही नसते.

वर्गीकरणातली जागा

विज्ञानाच्या तासाला आपण सृष्टी, संघ, वर्ग, गण, कुल, प्रजाती, जाती अशी शिडी पाठ करतो. मला ती लक्षात ठेवायला सैन्याची रचना उपयोगी पडते. डिव्हिजनमध्ये ब्रिगेड, ब्रिगेडमध्ये बटालियन, बटालियनमध्ये कंपनी, कंपनीत प्लाटून, प्लाटूनमध्ये सेक्शन. खाली जावे तशी माणसे कमी होतात आणि एकमेकांना जास्त ओळखतात. प्राण्यांच्या शिडीतही खाली जावे तसे नाते जवळचे होते.

वाळ्याचा पत्ता असा. प्राणिसृष्टी. पाठीचा कणा असणारे प्राणी ज्यात येतात तो रज्जुमान संघ. सरीसृप वर्ग. सरडे, पाली आणि साप यांचा मिळून स्क्वामाटा हा गण. त्यात सापांचा उपगण. सापांमध्ये स्कोलेकोफिडिया नावाचा गट. ग्रीक भाषेत याचा अर्थ कृमीसारखे साप. या गटात जगभरात चारशेहून अधिक जाती आहेत आणि त्यांची पाच कुले मानली जातात. वाळ्याचे कुल टिफ्लोपिडी. 'टिफ्लॉस' म्हणजे ग्रीकमध्ये आंधळा. प्रजाती इंडोटिफ्लॉप्स, म्हणजे भारताचा आंधळा साप. जाती ब्रामिनस.

याच कुलातला आपल्या दख्खनमधला दुसरा साप म्हणजे चंचुवाळा. तो फक्त भारतात सापडतो. त्याचे नाक पोपटाच्या चोचीसारखे पुढे वाकलेले असते आणि तो सुमारे ६० सेंटिमीटरपर्यंत वाढू शकतो. धाकटा भाऊ सहा इंची आणि थोरला दोन फुटी, पण कुल एकच.

दोनशे वर्षांत चार पत्ते

हा पत्ता एकदम मिळालेला नाही. त्याची गोष्ट आपल्या पूर्व किनाऱ्यावर सुरू होते. पॅट्रिक रसेल हा स्कॉटिश डॉक्टर ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत विशाखापट्टणमला होता. घोणस या सापाचे इंग्रजी नाव 'रसेल्स व्हायपर' ज्याच्यावरून पडले, तोच हा रसेल. कोरोमंडल किनाऱ्यावरच्या सापांवर त्याने चित्रांसह मोठा ग्रंथ केला. त्याचा पहिला भाग १७९६ साली निघाला. त्यात या छोट्या सापाचे चित्र आहे आणि खाली तेलुगू लोकांकडून ऐकलेले नाव आहे. त्याचा अर्थ दोन डोक्यांचा साप.

पॅरिसमधल्या फ्रान्स्वा मारी दोदँ या शास्त्रज्ञाने रसेलच्या माहितीवरून १८०३ साली त्याला शास्त्रीय नाव दिले : एरिक्स ब्रामिनस. एरिक्स ही मांडूळ सापाची प्रजाती. मांडुळालाही आपण दुतोंड्या म्हणतो. दोघांची शेपटी बोथट, दोघे मातीत राहणारे, म्हणून दोघे एका प्रजातीत गेले. पण मांडूळ हा बोआ सापांचा नातेवाईक आहे आणि वाळा त्याच्यापासून फार लांबचा.

पुढे शास्त्रज्ञांनी कवटी, दात आणि खवले तपासले आणि त्याला टिफ्लॉप्स प्रजातीत नेले. विसाव्या शतकात आतल्या अवयवांचा जास्त बारीक अभ्यास झाल्यावर तो रॅम्फोटिफ्लॉप्स प्रजातीत गेला आणि अनेक वर्षे तिथेच राहिला. जुन्या पुस्तकांत त्याचे हेच नाव सापडेल. २०१४ साली डीएनएच्या आधारावर या कुलाची नवी मांडणी झाली आणि त्याला इंडोटिफ्लॉप्स हे नाव मिळाले.

यात एक गोष्ट बघण्यासारखी आहे. पहिला शब्द बदलत गेला, पण 'ब्रामिनस' तसाच राहिला. नियमच तसा आहे : नाते नव्याने कळले तर प्रजाती बदलते, पण जातीला पहिल्यांदा दिलेले नाव टिकते. आपला वर्ग दरवर्षी बदलतो, डॉर्मिटरी बदलते, पण कॅडेट नंबर शेवटपर्यंत तोच राहतो, तसे.

पूर्वीचे शास्त्रज्ञ चुकले आणि आताचे हुशार, असे मला म्हणायचे नाही. प्रत्येकाने त्याच्या हातात होते त्या साधनाने पाहिले. रसेल आणि दोदँकडे चित्र होते, नंतरच्यांकडे सूक्ष्मदर्शक आला, आताच्यांकडे डीएनए आहे. जास्त जवळून पाहिल्यावर आधीचे मत सोडायला त्यांना कमीपणा वाटला नाही, हे मला महत्त्वाचे वाटते.

बेंगळुरूचा धागा

हे काम अजून संपलेले नाही आणि त्यातले काही आपल्या शहरात झाले आहे. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या अभ्यासकांनी भारतातल्या आंधळ्या सापांचे डीएनए तपासून त्यांचा इतिहास मांडला. हा अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. भारताचा भूखंड कोट्यवधी वर्षांपूर्वी गोंडवन या महाखंडातून सुटून उत्तरेकडे सरकला, हे आपण भूगोलात शिकतो. गेऱ्होपिलिडी या कुलातल्या आंधळ्या सापांचे पूर्वज त्या सरकत्या भूखंडावर आधीच होते, तर वाळ्याच्या टिफ्लोपिडी कुलातले पूर्वज नंतर बाहेरून आले, असे त्यातून दिसते. म्हणजे सारखे दिसणारे दोन छोटे साप भारतात वेगवेगळ्या काळी आणि वेगवेगळ्या वाटेने आलेले असू शकतात. हे नुसते बघून कधीच कळले नसते.

मातीत राहण्यासाठी बनलेले शरीर

नाग किंवा धामण यांना उलटे केले तर पोटावर आडव्या रुंद पट्ट्या दिसतात. त्या जमिनीला रोवून साप पुढे सरकतो. वाळ्याला त्या नसतात. त्याच्या अंगाभोवती पाठीपासून पोटापर्यंत सारख्याच आकाराच्या गुळगुळीत खवल्यांच्या २० रांगा असतात. बिळात माती चारही बाजूंनी असते, तिथे वर आणि खाली यात फारसा फरक उरत नाही. गुळगुळीत अंगामुळे मातीचे घर्षण कमी होते आणि मुंग्यांना चावायला पकड मिळत नाही.

डोक्याची हाडे एकमेकांत घट्ट बसलेली असतात, कारण ते डोके पहारीसारखे वापरायचे असते. तोंड नाकाच्या टोकावर नसून थोडे मागे, खालच्या बाजूला असते, त्यामुळे खोदताना त्यात माती जात नाही.

मोठे साप जबडा पसरून स्वतःच्या डोक्यापेक्षा मोठे भक्ष्य गिळतात. वाळ्याला ते जमत नाही. त्याच्या खालच्या जबड्यात दात नाहीत. दात आहेत ते वरच्या जबड्याच्या दोन छोट्या, हलणाऱ्या हाडांवर. ती हाडे तो दाताळ्यासारखी भराभर आत ओढतो आणि अन्न घशात सरकवतो.

अन्न : मुंगीचे अंडे आणि वाळवी

वाळ्याचे जेवण म्हणजे मुंग्यांची अंडी, अळ्या, कोष आणि वाळवी. डोळ्यांचा उपयोग नसल्यामुळे तो जिभेने आणि वासाने माग काढतो. त्याचे ऑस्ट्रेलियातले भाऊबंद मुंग्यांच्या वासाच्या वाटेवरून थेट वारुळापर्यंत जातात, असे प्रयोगांत दिसले आहे.

जपानी अभ्यासकांनी २०१५ साली याच जातीबद्दल एक मजेदार निरीक्षण प्रसिद्ध केले. वाळवी खाताना वाळा पुष्कळदा तिचे डोके जमिनीवर घासून तोडून टाकतो आणि फक्त धड गिळतो. वाळवीचे डोके कठीण असते आणि त्याला नीट पचत नाही. म्हणजे आपण बोरातली आठळी थुंकून टाकतो तसे.

लाकडी खिडक्या, दप्तरे आणि जुन्या वह्या यांचे वाळवी काय करते हे होस्टेलमध्ये राहणाऱ्याला सांगायला नको. वाळा एकटा वाळवी संपवत नाही, पण तो आपल्याच बाजूने आहे.

तो स्वतः पक्षी, बेडूक आणि इतर सापांचे अन्न आहे. पण इथेही एक किस्सा आहे. आपल्याकडे पावसात दिसतो तोच खरबरीत अंगाचा भेक पूर्व तिमोर देशातही आहे. तिथे एका भेकाने वाळा गिळला आणि वाळा त्याच्या सगळ्या पचनमार्गातून प्रवास करून मागच्या बाजूने जिवंत बाहेर आला. अभ्यासकांनी २०१३ साली ही नोंद प्रसिद्ध केली. आमच्या ऑब्स्टॅकल कोर्सचे मी यापुढे कौतुक सांगणार नाही.

सगळ्या माद्याच

या सापाची सर्वांत नवलाची गोष्ट पुढेच आहे. वाळ्यात नर नसतो. आजवर जगात जिथे जिथे हा साप तपासला गेला तिथे माद्याच सापडल्या. मादी नराशिवाय अंडी घालते आणि त्यांतून पुन्हा माद्याच जन्मतात. याला अनिषेकजनन म्हणतात. काही सरड्यांत हे दिसते. इतर काही सापांतही एखाद्या मादीने एकटीने पिल्ले दिल्याची उदाहरणे आहेत. पण संपूर्ण जातच अशी असलेला वाळा हा एकमेव ज्ञात साप आहे.

त्याच्या पेशीतही वेगळेपणा आहे. आपल्यात गुणसूत्रांचे दोन संच असतात, एक आईकडून आणि एक वडिलांकडून. वाळ्यात तीन असतात. १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्याची ४२ गुणसूत्रे मोजली गेली. १४ गुणसूत्रांचे तीन संच. आई आणि मुली जवळजवळ एकमेकींच्या प्रती असतात. एका वेळी दोनपासून सात-आठपर्यंत छोटी लांबट अंडी घातली जातात आणि पिल्ले बाहेर पडल्यापासून स्वतंत्र असतात.

कुंडीतून जगभर

एकटी मादी पुरेशी असल्यामुळे या सापाने असे काही केले जे इतर कोणत्याही सापाला जमले नाही. अंटार्क्टिका सोडून तो सगळ्या खंडांवर पोचला. कसा? रोपांच्या मुळांभोवतीच्या मातीतून. नर्सरीतली एक कुंडी जहाजावर चढली की तिच्यातल्या मातीत एक वाळा किंवा दोन अंडी असली तरी नवी वसाहत सुरू होऊ शकते. म्हणून इंग्रजीत त्याला कुंडीतला साप म्हणतात.

हवाई बेटांवर तो पहिल्यांदा सापडला तो १९३० साली, होनोलुलूतल्या एका शाळेच्या आवारात. बाग करण्यासाठी फिलिपिन्सहून आणलेल्या झाडांच्या मातीतून तो आला होता. हे वाचल्यावर मला आमच्या माळीकाकांच्या कुंड्यांची रांग आठवली. त्या शाळेतही एखाद्या मुलाने बूट उगारला असेल.

बेंगळुरूत बागा, नर्सऱ्या आणि कुंड्या भरपूर आहेत, लाल माती खोदायला सोपी आहे आणि पाऊस महिनोन्‌महिने येत राहतो. जोराच्या सरीनंतर मातीतल्या पोकळ्या पाण्याने भरतात. वाळ्याला श्वास घ्यायला वर यावे लागते. तो पाइपच्या कडेने, मोरीतून बाथरूममध्ये येतो. आपल्यावर हल्ला करायला येत नाही. तो पुरातून वाचायला येतो. आणि कानाबद्दल म्हणाल तर त्याला ओली माती आणि मुंग्या लागतात. आपल्या कानात दोन्ही नाहीत.

दिसायला सारखे, नात्याने परके

आता माझ्या अर्ध्या धड्याचा राहिलेला भाग.

गांडूळ : अंगावर कड्या कड्या असतात, खवले नसतात. अंग ओलसर, बुळबुळीत. आखडून-पसरून पुढे जाते. त्याला हाडे नसतात, जीभ बाहेर येत नाही. वाळा कोरडा, चकचकीत असतो आणि नागमोडी, चपळ पळतो.

देवगांडूळ : सह्याद्रीत ओल्या जागी सापडते. नावात गांडूळ असले आणि दिसायला सापासारखे असले तरी ते बेडकाच्या बाजूचे, म्हणजे उभयचर आहे. अंग ओलसर आणि त्यावर आडव्या खाचा असतात.

मांडूळ : जाड, दणकट, हळू चालणारा साप. त्याचे पिल्लूसुद्धा वाळ्यापेक्षा बरेच जाड असते. बिनविषारी.

कवड्या : गडद अंगावर फिकट पट्टे. पट्टे मानेजवळ ठळक आणि शेपटीकडे पुसट होत जातात. बिनविषारी, पण चावतो.

मण्यार : काळे-निळसर चकचकीत अंग, त्यावर पांढरे बारीक पट्टे, ते मानेजवळ पुसट आणि मागे ठळक असतात. अतिशय विषारी, आणि पिल्लूसुद्धा जन्मापासून विषारी. रात्री फिरते. दंश कित्येकदा फारसा दुखत नाही, म्हणून झोपलेल्या माणसाला कळतही नाही. तिचे विष नसांवर परिणाम करते आणि श्वास बंद पडू शकतो.

कवड्या आणि मण्यार यांच्या पट्ट्यांतला फरक मी आता पाठ केला आहे. पण खरे सांगतो, बुटांच्या मांडणीमागे, टॉर्चच्या उजेडात, घाबरलेल्या मुलांच्या गर्दीत तो मला ओळखता आला नसता. म्हणून ओळखीचा पहिला नियम असा की खात्री नसेल तर हात मागे.

आपण काय करावे?

साप कितीही लहान असो, हाताने धरू नये. तो वाळाच आहे असे वाटले तरीही नाही. बूट, काठी किंवा हॉकी स्टिकही उचलू नये. चार पावले मागे सरावे, एकाने लांबून नजर ठेवावी आणि दुसऱ्याने मोठ्यांना कळवावे. मोठ्यांना ओळख पटली की तो वाळा असेल तर कागदावर किंवा सुपलीत घेऊन ओल्या मातीत सोडता येतो. दुसरा कोणताही असेल तर सर्पमित्राचे काम.

पावसाळ्यात बूट घालण्याआधी झटकावेत. अंधारात अनवाणी फिरू नये. मोरीच्या जाळ्या बसवून घ्याव्यात. आणि दंश झालाच तर कापणे, चोखणे, करकचून दोरी बांधणे यांत वेळ घालवू नये. माणसाला शांत ठेवावे, तो भाग हलवू देऊ नये आणि थेट इस्पितळात न्यावे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांच्या विषावर चालणारी प्रतिविषाची लस आपल्या देशात तयार होते.

पालकांना एक विनंती. सुट्टीत घरी आलेल्या मुलाने साप मारल्याची गोष्ट रंगवून सांगितली तर शाबासकी देण्याआधी विचारा, "कोणता होता?" मला सहावीत कोणी हे विचारले असते तर मी दोन वर्षे आधी शहाणा झालो असतो.

त्या प्रसंगानंतर मी ज्युनिअर मुलांना पुन्हा गोळा केले आणि माझे आधीचे वाक्य मागे घेतले. सीनिअरने असे करायचे नसते, असे एकजण म्हणाला. मी त्याला दोदँची गोष्ट सांगितली. ज्या मुलाचा हात साहेबांनी मागे ओढला होता, तो आता पाऊस पडला की बाथरूममध्ये आधी दिवा लावतो, मोरीकडे बघतो आणि मगच पाय ठेवतो. मागच्या आठवड्यात तो धावत माझ्याकडे आला. मोरीजवळ काहीतरी होते. त्याने हातही लावला नव्हता आणि बूटही काढला नव्हता. हवालदार साहेब आले, वाकले, बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "वाळा."

माळीकाकांनी तो सुपलीत घेतला आणि गुलाबाच्या वाफ्यात सोडला. दोन सेकंदांत तो मातीत दिसेनासा झाला.